‘लै भारी’ म्हणू नका

दत्ताभाऊंना कुणी ‘लै भारी’ म्हटलं की ते आधी कॉम्प्युटरचा पडदा बंद करायचे आणि मग म्हणणाऱ्याकडे बघायचे. म्हणणारा गिऱ्हाईक असो, मित्र असो की शेजारचा दुकानदार असो. भोकरदनच्या बसस्थानकासमोरच्या रस्त्यावर आमची फ्लेक्सची तीन दुकानं होती. एक माझं, एक मुजीबचं आणि मधलं दत्ताभाऊंचं. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक वाढदिवसाचा बॅनर समोर बसून बनवून घेतं, ‘लै भारी’ म्हणतं, हळूच मोबाइलवर पडद्याचा फोटो काढतं आणि तोच बॅनर शेजारच्या दुकानात स्वस्तात छापून घेतं. त्यामुळे कौतुक ऐकलं की दत्ताभाऊ सावध होत.

“वंदना, शिव्या देणारा गिऱ्हाईक परत येतो,” ते मला सांगायचे. “भारी म्हणणारा कधीच येत न्हाई.”

साठीला टेकलेला, उंच, किंचित वाकलेला माणूस. शर्टाच्या खिशात पेन ड्राइव्ह, आणि त्या खिशाला सेफ्टी पिन लावलेली. माझ्या दुकानात चहा प्यायला आले की बशीत ओतून आधी वास घ्यायचे. मी एकदा चिडून म्हणाले, “भाऊ, विष न्हाई घातलं.” तर म्हणाले, “ते तू सांगणारच.” आणि प्यायले.

असा माणूस सिनेमाच्या पोस्टरांच्या भानगडीत पडला तो मुजीबमुळे. आठवड्यातून एका दुपारी दुरुस्तीसाठी वीज जायची आणि तिन्ही मशिनं बंद पडायची. मुजीबनं मोबाइलवर कुठंतरी पाहिलं होतं की लोक जुन्या सिनेमाचं आपल्या मनाचं नवं पोस्टर बनवतात. सिनेमा तोच, पण आपल्याला तो कसा दिसला ते दाखवायचं. आम्हाला ते आवडलं. रोज पुढाऱ्यांच्या फोटोतली मागची गर्दी पुसून आणि नवरदेवांना गोरं करून जीव विटला होता. उरलेल्या फ्लेक्सच्या तुकड्यावर पोस्टर छापायचं, वीज गेली की दत्ताभाऊंच्या दुकानात टांगायचं आणि बाकीच्यांनी त्यावर बोलायचं, असं ठरलं.

बोलण्याचा नियम दत्ताभाऊंनी घातला. ज्याचं पोस्टर, त्यानं भिंतीकडं तोंड करून बसायचं आणि तोंडातून अक्षर काढायचं नाही. “लोक तुमचं थोबाड पाहून बोलतेत. पाठीकडं पाहून कोणाला खोटं बोलता येत न्हाई,” हे त्यांचं तत्त्वज्ञान. बोलणाऱ्यालाही सूट नव्हती. छान, मस्त, भारी हे शब्द बंद. पहिला प्रश्न ठरलेला असायचा, “तुमचा डोळा पह्यले कुठं गेल्ता?”

मी भिंतीकडं तोंड करून कितीदा बसले असेन! त्या भिंतीचे पोपडे मला पाठ झाले होते. पाठीमागून दत्ताभाऊंचा आवाज यायचा, “माझा डोळा पह्यले नावाच्या अक्षरावर गेला. मंग तथंच बसला. बाईचं चित्र काढायची गरजच काय व्हती?” मला संताप यायचा. घरी गेल्यावर ते चित्र काढून टाकायची, आणि पोस्टर सुधारायचं.

एकदा मुजीबनं फारच गुळगुळीत पोस्टर आणलं. दत्ताभाऊंनी त्याला भिंतीकडून वळवलं, हातात कोरा कागद आणि बॉलपेन दिलं. “हेच काढ. वाकडंतिकडं चालंल. फक्त काय कुठं हाय ते मांड.” मुजीबला कागदावर एक रेघ मारता येईना. त्यानं हसत कबूल केलं की मोबाइलमधल्या अ‍ॅपला सांगून बनवलं होतं. दत्ताभाऊ हसले नाहीत. “मला वाटलंच व्हतं,” एवढंच म्हणाले, आणि पुढे महिनाभर माझ्याही प्रत्येक पोस्टरनंतर माझ्यापुढे कोरा कागद आला.

यात एक गोष्ट मात्र खटकायची. दत्ताभाऊंनी स्वतःचं पोस्टर कधी टांगलं नव्हतं. विचारलं की म्हणायचे, “चालू हाय.” मुजीबचं म्हणणं, म्हातारा आपल्या दोघांच्या कल्पना गोळा करून राह्यला. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटू लागलं होतं. संशय चहासारखा असतो, समोरच्यानं घेतला की आपणही घेतो.

त्या हिवाळ्यात संभाजीनगरच्या एका फिल्म क्लबनं जाहीर केलं की धरणाखाली गेलेल्या गावावरचा एक जुना सिनेमा ते पुन्हा दाखवणार आहेत, त्यासाठी लोकांनी आपली पोस्टरं पाठवावीत, निवडलेलं थिएटरबाहेर मोठं करून लावू. मी आणि मुजीबनं लगेच पाठवली. माझ्यात पाणी होतं आणि बुडालेला कळस होता. दत्ताभाऊंचं आपलं ‘चालू हाय’च. शेवटच्या दिवशी वीज गेली तेव्हा आम्ही दोघं त्यांच्या दुकानात गेलो, तर दोरीवर एक तुकडा टांगलेला आणि दत्ताभाऊ भिंतीकडं तोंड करून बसलेले.

“संध्याकाळपोहोत पाठवायचं हाय,” ते भिंतीला म्हणाले. “वंदना, एवढे वर्षं झाले, माझं असं एकबी काम जगात न्हाई. सगळे लोकायचे थोबाडं. हे जाऊ द्यायचं का न्हाई, सांगा.”

पोस्टरात काही नव्हतं. म्हणजे सबंध पोस्टर एक धुरकट, पिवळी पडलेली भिंत होती. मधोमध एक उभा चौकोन, भिंतीपेक्षा उजळ. त्याच्या वर एक खिळा. खाली सिनेमाचं नाव, बारीक.

मुजीबनं चौकोनावर बोट ठेवलं आणि म्हणाला, “भाऊ, फोटो टाकायचा राह्यला.”

मीसुद्धा तेच म्हणणार होते. आमच्या डोळ्यांना सवयच तशी. चौकोन दिसला की त्यात कुणाचातरी फोटो यायचा असतो, अध्यक्षाचा नाहीतर स्वर्गीय कुणाचा. मी म्हणाले, “जागा चांगली सोडली, पण...” दत्ताभाऊंची पाठ हळूहळू आणखी वाकली. उठून ते तुकडा काढायला निघाले, तेवढ्यात दारातून बाईचा आवाज आला.

“कोणाचा फोटो काढून नेला व, त्या भिंतीवरून?”

हसनाबादच्या कडुबाई होत्या. नवऱ्याच्या वर्षश्राद्धाचा बॅनर करायला आल्या होत्या. बॅनरला फोटो लागतो म्हणून घरच्या भिंतीवरची अख्खी फ्रेम उतरवून, साडीच्या धडप्यात गुंडाळून काखेत आणली होती. सकाळीच त्यांनी ती खिळ्यावरून काढली होती आणि मागं उरलेली उजळ जागा पाहिली होती. आता त्या पोस्टरासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. तेव्हा मला पोस्टर दिसलं. गाव पाण्याखाली जाणार म्हणून घर रिकामं करून गेलेली माणसं दिसली. माझ्या कळसाची मला लाज वाटली.

दत्ताभाऊंचं मात्र भलतंच. त्यांनी कडुबाईंकडे पाहिलं, फ्रेमकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

“हिला कोणी शिकवून आणलं?”

आम्ही शपथा घेतल्या. मुजीबनं कानाला हात लावले. ते म्हणाले, “बराबर फ्रेम घेऊन, बराबर याच टायमाला? मी काय येडा हाय?” पोस्टर पाठवायचं नाही, असं जाहीर करून ते मोबाइलवर फ्रेमचा फोटो काढायला बसले. काम आटोपून कडुबाई बसकडे निघाल्या, तेव्हा त्यांच्या हातातली फ्रेम दत्ताभाऊंनी घेतली. “जड हाय, मी येतो घरापोहोत,” म्हणाले. आम्हाला कळलं. म्हातारा भिंत तपासायला चालला होता!

संध्याकाळी वीज आलेली होती. ते परतले आणि सरळ माझ्या दुकानात आले.

“बाई खरी हाय,” खुर्चीत बसत ते म्हणाले. “तिच्या भिंतीवर जागा बराबर तशीच हाय. फक्त खालच्या कडंला कोळ्याच्या जाळ्याची रेघ राह्यलेली. ती माझ्यात न्हाई.”

त्यांनी माझ्याच मशिनवर ती रेघ घातली. घालता घालता सांगितलं, “मला म्हणली, तुमच्या घरचं कोण गेलं? मी म्हणलं, कोणी न्हाई. तिचा इश्वासच बसंना. मंग सांगितलं.”

“कोण, भाऊ?” मी विचारलं.

दत्ताभाऊंनी माझ्याकडे वळून पाहिलं. “तुला कामून पाह्यजे?” म्हणाले, आणि पोस्टर पाठवून दिलं.

तेच निवडलं गेलं. थिएटरबाहेर ते पुरुषभर उंचीचं लागलं होतं आणि खाली दत्ताभाऊंचं नाव होतं. मला आनंद झाला आणि असूयाही वाटली, दोन्ही खरं. ते स्वतः रस्त्यापलीकडं उभं राहून पोस्टर सोडून बघणाऱ्यांचेच चेहरे पाहत होते.

मागच्या वर्षी दत्ताभाऊ गेले, झोपेतच. एकटाच माणूस. मागं कुणी सांगणारं नाही की त्या उजळ चौकोनात कोण होतं. ते माझ्या मनातून जाईना. शेवटी परवा मी हसनाबादला गेले. कडुबाईंनी ओळखलं, बसायला चटई टाकली, चहा ठेवला. दत्ताभाऊ गेल्याचं ऐकून डोळ्याला पदर लावला. मी हळूच विषय काढला. म्हणाले, मावशी, आता ते राहिले नाहीत, तुम्हाला त्यांनी सांगितलं होतं, कोणाचा फोटो होता?

कडुबाईंनी गाळणीतला चोथा झटकला.

“त्यायनं मला सांगितलं व्हतं, माय,” त्या म्हणाल्या. “तुला सांगायचं असतं तं तुलाच सांगितलं असतं.”

जन्मभर चहाचा वास घेऊन मगच प्यायलेल्या त्या माणसानं एकदाच कुणावर भरवसा टाकला होता, आणि तो किती योग्य जागी टाकला होता! मला फार बरं वाटलं. मी पुन्हा विचारलं नाही.