तांबडीचा दुसरा गिअर

गॅरेजमध्ये दोन गोष्टी आपोआप साठत जातात. एक म्हणजे कुठल्या गाडीचे ते आता कुणालाच न आठवणारे नटबोल्ट, आणि दुसरे किस्से. दोन्ही टाकवत नाहीत! महाडला हायवेलगत भाऊचं गॅरेज आणि त्याला चिकटून माझं स्पेअर पार्टचं दुकान. संध्याकाळी गिऱ्हाईक ओसरलं की मी स्टूल उचलून भाऊकडे जातो. चहा त्याचा, वडापाव माझा. त्या इटालियन गाडीनं तर आम्हाला एवढे किस्से दिले की अजून पुरतायत.

तुकादादा आमच्या बैठकीतला सगळ्यात वयस्कर मेंबर. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात त्याची वाडी. घरी गुरं, थोडी नाचणी. नोकरी मात्र रिटायर होईपर्यंत सगळी मुंबईत, एका शेठकडे ड्रायव्हर म्हणून. या शेठकडे एक लाल इटालियन स्पोर्ट्स कार होती, दोनच सीटची. तिचं खरं नाव आमच्यापैकी कुणाला धड उच्चारता येत नाही. तुकादादा तिला तांबडी म्हणायचा, गोठ्यातल्या गाईला म्हणावं तसं!

पण तांबडी शेठ स्वतः चालवायचे. तुकादादानं फक्त धुवायची, पुसायची आणि गॅरेजातून गेटपर्यंत आणून उभी करायची. गेटवर हा उतरणार, शेठ बसणार. आख्ख्या नोकरीत तांबडीचा पहिला गिअर आणि रिव्हर्स, याच्यापलीकडे म्हाताऱ्याच्या हाताला काही लागलं नाही.

"दुसरा नुसता ऐकलाय," तो सांगायचा. "तिसरा पन ऐकलाय. चौथा पडायचा तवर गाडी वळनापल्याड गेलेली."

हे सांगताना तो रस्त्याकडे असा काही बघायचा की आम्हाला चेष्टा सुचायची नाही. शेवंताला, म्हणजे बायकोला, एकदा शेजारी बसवायचं आणि टॉपपर्यंत सगळे गिअर टाकायचे, एवढीच त्याची इच्छा होती. फार जीव अडकला होता त्याचा त्यात.

* * *

शेठ वारले. तांबडी वीर स्टेशनजवळच्या त्यांच्या बंद बंगल्यात पडून आहे, ही बातमी तुकादादानंच आणली. भाऊनं ती पुण्याच्या एका डॉक्टरांच्या कानावर घातली. डॉक्टरांना जुन्या गाड्यांचं भयंकर वेड. वरंध घाटातून कंबर मोडून घेत ते दुसऱ्याच दिवशी हजर!

शेठचा पुतण्या विकायला तयार होता. किंमत ठरली. डॉक्टर गाडीचं दार उघडायला गेले, तर बंगला राखणारी बाई आडवी आली.

"हात लावू नका! कोंबडी खुडुक बसलेय आत. पिल्लं निघाल्याबिगर गाडी हलायची नाय!"

खरंच, ड्रायव्हरच्या सीटवर कोंबडी अंगाखाली अंडी घेऊन ऐटीत बसलेली. पुतण्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "साहेब, मी बघतो," म्हणत तो पुढे झाला, तर डॉक्टरांनीच त्याचा हात धरला. डॉक्टर बाळंतपणाचे!

"बाळंतिणीला हलवायचं नसतं, एवढं मला कळतं," ते म्हणाले. पिल्लं निघेपर्यंत आम्ही सगळे थांबलो.

* * *

गाडी टेम्पोवरून गॅरेजला आली. तिचं इंजिन, गिअरबॉक्स सगळं मूळचंच आहे का, ते तपासायला डॉक्टरांनी एक जाणकार आणला. भला माणूस. गुडघ्यावर बसून, टॉर्च मारून त्यानं चासीचा नंबर घासून काढला, इंजिनचा काढला, फोटो इटलीला पाठवले. इंजिन जुळलं. गिअरबॉक्सचा नंबर मात्र गंजानं पार खाल्लेला.

"ही गाडी आधी कुणी चालवली आहे का? म्हणजे जुने गिअर हाताला ओळखू येतील." त्यानं विचारलं. आम्ही सगळ्यांनी तुकादादाकडे बोट केलं.

इंजिन चालू झाल्यावर म्हातारा चपला बाहेर काढून आत बसला. पहिला टाकला, हातभर पुढे. रिव्हर्स टाकला, हातभर मागे. डोळे मिटून घेतले. जाणकार पेन घेऊन तयार.

"पयला खरा हाय," तुकादादा म्हणाला. "रिव्हर्स खरा हाय. बाकीच्यांची गॅरंटी शेठ देनार, आन् शेठ तर वर गेले!"

शेवटी गिअरबॉक्स उतरवला, तेव्हा आत कोरलेला आणखी एक नंबर सापडला. तोही जुळला. त्या संध्याकाळी वडापाव डॉक्टरांकडून.

* * *

मग आली अपग्रेडची भानगड. डॉक्टरांना चांगले ब्रेक हवे होते, ते ठीक. एसी हवा, म्युझिक सिस्टीम हवी. तुकादादा प्रत्येक गोष्टीला मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांकडे बघावं तसा बघायचा. सीटचं कातडं बदलायचं निघालं, तेव्हा मात्र तो तिथून उठूनच गेला.

भाऊनं आपल्या अकलेनं एक अपग्रेड केलं. पहिल्याच ट्रायलला गाडी स्पीडब्रेकरवर पोट टेकून बसली आणि आम्हाला ती उचलून पलीकडे ठेवावी लागली. एक रिक्षावाला म्हणाला, "काका, हिला खांद्यावरूनच न्या ना!" भाऊला ते झोंबलं. त्यानं स्प्रिंगा बदलून गाडी चांगली वीतभर उंच करून टाकली.

डॉक्टर आले, बघतच राहिले. "भाऊ, ही स्पोर्ट्स कार आहे की बकरी?"

"डॉक्टर, घाटातून कोण जाणार, तुम्ही की इटलीवाले?"

बरीच हुज्जत झाली. शेवटी वीत गेली आणि दोन बोटं राहिली.

* * *

पेंटरनं तर कहर केला. लाल रंग असा दिला की त्यात तोंड बघून भांग पाडावा. डॉक्टर खूश! मागे वळसा घालून गेले आणि किंचाळले. मागच्या बाजूला पिवळ्या अक्षरांत, फुलाच्या नक्षीसकट, 'आईचा आशीर्वाद'!

"हे कुणी सांगितलं होतं?"

"सांगायला कशाला पायजे?" पेंटर म्हणाला. "त्याचे पैशे नाय घेत मी."

डॉक्टरांनी त्या अक्षरांवरून एकदा बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, "राहू दे. आई असती तर ओरडली असती, एवढा खर्च केला म्हणून." ते अजून तसंच आहे.

* * *

शेवंतावहिनी डोळे दाखवायला महाडला आल्या होत्या, तेव्हा तुकादादा त्यांना गॅरेजात घेऊन आला. बॉनेट उघड, दार उघड, त्याला काय दाखवू नि काय नको झालेलं. वहिनींनी पदरानं हात पुसून गाडीला एकदा हात लावला.

"बघ गो, हा पयला," तुकादादा गिअरच्या दांड्यावर हात ठेवून सांगायला लागला. "आन् ह्यो दुसरा..."

"मला नका शिकवू गिअर," वहिनी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "शिमगा सरला की एसटी न्यायची ह्यांना. पोरं निजलेली, मी एकटी बांधावर उभी. खालच्या रस्त्यानं गाडीचे गिअर ऐकू यायचे. पयला, दुसरा, तिसरा... मंग काय नाय. हे परत यायचे ते गनपतीला."

तुकादादानं बॉनेट हळू लावलं. भाऊ उगाचच पाना शोधायला आत गेला.

* * *

रविवारी डॉक्टर गाडी न्यायला येणार होते. शुक्रवारी भाऊनं त्यांना फोन लावला आणि तुकादादाचं सगळं सांगितलं.

"मग ट्रायल त्यांनाच घेऊ दे," डॉक्टर म्हणाले. "आणि सावकाश नाही म्हणावं, दाबून!"

ठरलं. शनिवारी, महाड ते पोलादपूर. तिथून पुढे वाडीचा रस्ता तांबडीच्या कामाचा नाही. तुकादादा इस्त्रीच्या शर्टात, वहिनी नव्या लुगड्यात, दोन सीट भरल्या. मागे जीपमध्ये मी आणि भाऊ. हायवे आता काँक्रीटचा, सरळसोट, मोकळा. असा रस्ता मिळायला नशीब लागतं!

तुकादादानं पहिला टाकला. गाव सुटलं. पहिलाच. हायवेला लागलो तरी पहिलाच! ट्रक पुढे गेला, टेम्पो पुढे गेला, एसटीतली माणसं खिडकीतून हात करून पुढे गेली. एक दुधाची मोटरसायकल, तीही पुढे गेली!

भाऊनं अर्धं अंग जीपबाहेर काढलं. "दादा, दुसरा टाक! अरे दुसरा!"

 काचेतून दोन पिकली डोकी तेवढी दिसत होती. मधूनच वहिनींचा हात बाहेर काहीतरी दाखवायचा, तुकादादाचं डोकं तिकडे वळायचं. तांबडी कण्हत होती आणि भाऊ तिच्याहून जास्त. "गिअर अडकला! उद्या डॉक्टरांना काय तोंड दाखवू मी?"

पोलादपूरच्या नाक्यावर गाडी थांबली. भाऊ जीप नीट थांबायच्या आधीच उडी मारून धावला.

"दादा, काय झालं? दुसरा लागत नाही का?"

तुकादादा स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत बसला होता. वहिनींनी पदर सावरला.

"लागतो रे, न लागाया काय झालं!" त्या म्हणाल्या. "मीच म्हनलं ह्यांना, नका टाकू."