मागच्या चाकाला चिकटलेला मित्र

आमच्या बॉथेल गावाहून नेवाडाच्या वाळवंटात सायकली नेऊन, तंबू ठोकत दरी पार करायची, ही अक्कल माझ्या मित्राची. तो पुण्याचा, अंगाने सुतळी. मी नागपूरचा, माझ्या पाठीच्या सावलीत आरामात गाडी पार्क करावी.

पहिल्याच दिवशी समोरून असा वारा सुटला की माझ्या मिशा कानामागे गेल्या. सुतळी लगेच माझ्या मागच्या चाकाला चिकटली. सायकलवाल्यांत ते चालतं. पुढचा वारा खातो, मागचा त्याच्या आडोशाने येतो, मग पाळी बदलते. याची पाळी दिवसभर आलीच नाही.

"यार, तू मस्त रिदममध्ये आहेस. कशाला डिस्टर्ब करू?"

खिंड हाकेच्या अंतरावर आली आणि पठ्ठ्या सुळकन पुढे! वर नेमकी मोबाईलला रेंज. फोटो काढून बॉथेलच्या मराठी ग्रुपवर टाकला: 'समोरचा वारा एकट्याने फोडला. आमचे भाऊ येताहेत मागून, हळूहळू.' तमाम काकूंचे अंगठे. त्यात माझ्या बायकोचाही!

पलीकडे उतरून तंबू ठोकले. जेवताना मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही. माझ्या बाबतीत हे आजारपणच.

सकाळी समोर एक सुकलेलं तळं होतं. पांढरं, कडक, परातीसारखं सपाट. ते ओलांडलं की रस्ता. निघताना याची हिरवी चड्डी झुडपावर वाळत राहिलेली मला दिसली. मी ती तिथेच राहू दिली.

"ये, लाग मागे," मी प्रेमाने म्हणालो.

हा खूश. मान खाली, नजर माझ्या चाकावर. मी डावीकडे वळायला लागलो, इतकं हळू की माझ्या हँडललाही पत्ता लागला नसेल.

"अरे, वारा मागून कसा यायला लागला?"

"वाळवंटातला वारा तो. त्याला काय कॅलेंडर बघून यायचंय?"

"आणि ऊन या बाजूला?"

"खाली बघ, खड्डा!"

खड्डा कसला? तिथे मुंगीला लपायला जागा नव्हती.

अख्ख्या तळ्याला गोल फेरा मारताना माझ्या मांड्यांचं भरीत झालं, पण काय गोड भरीत! शेवटी थांबलो. त्याने मान वर केली.

"अरे, सेम माझ्यासारखी चड्डी कोणीतरी विसरलंय!"

मग त्याने तिचं उसवलेलं इलॅस्टिक पाहिलं. मग आमच्या तंबूच्या खुंट्यांची भोकं. मग मला.

"वारा कोणी खाल्ला ते ग्रुपवर लिही," मी म्हणालो, "नाहीतर या चड्डीचा फोटो मी टाकतो."

"इथे रेंज कुठाय?"

"आत्ता लिही. रेंज आली की जाईल."

त्याने दातओठ खात टाइप केलं: 'वारा भावाने खाल्ला. मी मागे लपलो होतो.' सेंडचं बटण मी त्याच्याच बोटाने दाबून घेतलं.

"आता तू पुढे हो."

त्याची पाठ इतकी अरुंद की वारा तिला वळसा घालून थेट माझ्या नाकात. काडीचा आडोसा नाही. तरी रस्ता लागेपर्यंत मी त्याचं मागचं चाक सोडलं नाही.