सातवं कलम

गाणारी-वाजवणारी पोरं करार घेऊन माझ्याकडे येतात, तेव्हा पहिल्याच भेटीत मी त्यांना एक ताकीद देतो. जो वकील कागद चाळून पाच मिनिटांत "हरकत नाही, सही कर" म्हणतो, त्याच्यासमोरून उठून चालते व्हा. पोरं हसतात. साहेब मोकळे आहेत, विनोदी आहेत, असं त्यांना वाटतं. तो वकील मीच होतो, हे मी त्यांना कधीच सांगितलेलं नाही.

मी मूळचा जमिनीचा वकील. खरेदीखतं, वाटण्या, सातबाऱ्यावरच्या नोंदी, यातच माझी वीस वर्षं गेली. नाशिकमध्ये प्लॉट पाडायचे थांबत नाहीत तोवर आमच्यासारख्यांना मरण नाही, आणि काम न शोधता मिळालं की माणसाला आपण फार हुशार आहोत असं वाटायला लागतं. मला तर ते जरा जास्तच वाटायचं.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक जण भाड्याने राहायचा. सातपूरला कारखान्यात मशीनवर होता, मूळचा सुरगाण्याकडचा. पेटी घेऊन गायचा. सुट्टीच्या दिवशी गच्चीवर आईला शेजारी बसवून त्याने एक गाणं मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि नेटवर टाकून दिलं. गाणं त्याचंच, चालही त्याचीच. आई दिंडोरीकडे द्राक्षाच्या कामाला जायची, महिना महिना यायची नाही. परत आली की तिच्या लुगड्याला फवारणीचा वास असायचा, आणि पोराला तोच आईचा वास वाटायचा, असं ते गाणं. मधल्या ओळी आई गायची. तिचा आवाज चिरका होता, एका ठिकाणी ती चुकून हसलीही होती. लोकांना ते फार आवडलं. मलाही आवडलं होतं, पण मी त्याला तसं म्हटलं नाही. नुसतं, "चांगलं चाललंय की तुझं," एवढंच म्हणालो.

मग मुंबईच्या एका कंपनीचा फोन आला आणि मागोमाग बारा पानी करार. तो माझ्या घरी आला, चप्पल दाराबाहेर काढून खुर्चीच्या अगदी कडेला बसला.

"सोमवारपर्यंत सही करून पाठवा म्हणतात, साहेब. इंग्रजीत हाय सगळं. तुम्ही एकदा नजर टाका. तुम्ही हो म्हणलात की मग मला काही बघायचं नाय."

मी गाण्याचा करार त्याआधी जन्मात पाहिला नव्हता. हे त्याला सांगायला काय झालं होतं? "मला यातलं कळत नाही, कळणारा शोधू," या एका वाक्याने माझं काय जाणार होतं? पण बायको चहा घेऊन आली होती, तो माझ्याकडे डोळे लावून बसला होता, आणि ते वाक्य माझ्या तोंडातून निघेना. मी तो करार खरेदीखतासारखा वाचला. नाव बरोबर आहे का, आधारचा नंबर, प्रत्येक पानावर सहीला जागा, साक्षीदार. त्याच्या गावाच्या नावात एक अक्षर चुकलं होतं, ते मी लाल पेनाने मोठ्या ऐटीत दुरुस्त केलं. जमिनीच्या कागदात मी आधी चतुःसीमा बघतो, चारी बाजूंना कोण आहे ते. या कागदाला सीमाच नव्हत्या, आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही. सातव्या कलमाची दोन दाट पानं मी नुसती उलटली.

"हरकत नाही," मी म्हणालो. "सगळे करार असेच असतात. सही कर."

तो दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आला.

चारेक महिन्यांनी ते गाणं नव्याने आलं. गायक दुसराच, ढोल-ताशा आणि डीजेचा दणका. गाण्यातून आई गेली होती, तिच्या जागी द्राक्षाच्या मळ्यात भेटणारी कुणी नखरेल पोरगी आली होती. फवारणीचा वास अत्तराचा झाला होता. गच्चीवरचा त्याचा व्हिडिओ कंपनीने हक्काचा दावा लावून काढून टाकला. त्याच्या भाचीच्या हळदीत तेच नवं गाणं वाजलं आणि आईने त्याला विचारलं, "हे आपलंच हाय ना रे?"

हे सगळं त्याने मला आमच्या पुढच्या खोलीत बसून सांगितलं. आवाज चढवला नाही. करार मांडीवर होता.

"साहेब, हे कागदात होतं का?"

मी तो कागद त्याच्या हातून घेतला आणि पहिल्यांदा सातवं कलम वाचलं. होतं. सगळं होतं. माझे कान तापले. आणि मी, वीस वर्षं कोर्टात उभा राहिलेला माणूस, एका कामगाराला घाबरलो.

"मी तुला तेव्हाच सांगितलं होतं," मी म्हणालो. "तुझंच लक्ष नव्हतं."

त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग मान खाली घातली. "सांगितलं असेल, साहेब. मी तेव्हा आनंदात होतो. मला ऐकूच आलं नसेल. माफ करा, तुम्हाला उगाच तरास दिला."

त्याने माझी माफी मागितली. बायको आतल्या दारात उभी होती. तो गेल्यावर तिने विचारलं, "खरंच सांगितलं होतंत?" मी तिच्यावर खेकसलो, "तुला कायद्यातलं काय कळतं?" तिने पुन्हा कधी विचारलं नाही, आणि ते मला जास्त लागलं.

लाजेपोटी मी कॉपीराइटचा कायदा आणून अभ्यासाला बसलो. चांगला अभ्यास केला. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, म्हणून "कायमचे" हा शब्द आधी शोधायचा. शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग हे तीन वेगळे हक्क आहेत, ते एका वाक्यात देऊन टाकायचे नाहीत. आणि हक्क विकला तरी गाण्याची मोडतोड करून तुमच्या नावाला बट्टा लावला, तर मूळ लिहिणाऱ्याला दाद मागता येते. हे शेवटचं वाचलं तेव्हा त्याची दाद मागायची मुदत टळलेली नव्हती. त्याला बोलवायला हवं होतं. पण बोलावलं असतं तर करार दोघांनी मिळून पहिल्यापासून वाचावा लागला असता. मी बोलावलं नाही.

तो मात्र भेटेल त्या गाणाऱ्याला सांगत सुटला, "आमच्या वकीलसाहेबांनी मला आधीच सांगितलं होतं, मीच ऐकलं नाय. तुम्ही तरी त्यांच्याकडे जा." म्हणून पोरं येऊ लागली. माझं या कामातलं नाव झालं ते असं.

मागच्या वर्षी गंगापूर रोडवरच्या एका हॉलमध्ये दुपारी माझं व्याख्यान होतं. तीसेक पोरं-पोरी, कुणाच्या पाठीला गिटार, कुणी नुसतीच रॅप करणारी. पहिली पाळी संपवून तोही आला, कंपनीच्या गणवेशातच. आयोजकांनी त्याला दोन शब्द बोलायला सांगितले आणि त्याने तेच सांगितलं. साहेबांनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाय. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले.

एका मुलीने विचारलं, "पण नेमकं लिहिलं काय होतं त्यात?"

माझ्या हातात शिकवायचा नमुना म्हणून त्याचाच करार होता, नावं खोडलेला, मी स्वतः मराठीत केलेला. मी सवयीने सातवं कलम वाचत गेलो. "शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण कायमचे कंपनीचे. कंपनीला शब्द बदलता येतील. परवानगीशिवाय मूळ गायकाला किंवा त्याच्या घरच्या कुणालाही हे गाणं लोकांसमोर गाता येणार नाही."

तो शेवटच्या रांगेत उभा राहिला.

"साहेब," तो सावकाश म्हणाला, "माझ्या आईला ते गाता येणार नाय, असं मला कोणी सांगितलं असतं, तर मी ते विसरलो नसतो."

पोरं त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहू लागली. माइक माझ्या हातात होता. मी पान उलटलं आणि आठवं कलम वाचायला घेतलं.