कानातलं कुंपण

आमच्या सावेडीतल्या निम्म्या बाळांना ठकूबाईंनी मालिश केलीय. बाळ एकदा त्यांच्या पायांवर आलं, की त्या त्याच्या आईचंही ऐकत नाहीत.

माझ्या नातवाच्या तपासणीलाही त्या हट्टाने आल्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, "रक्तातलं नको ते आतल्या कानात शिरू नये म्हणून तिथे कुंपण असतं. ते जन्मानंतर हळूहळू पक्कं होतं. म्हणून मनाने कुठलं औषध देऊ नका." ठकूबाईंनी त्यातलं कुंपण तेवढं घट्ट धरलं.

बारशाला माझी लेक जयमाला, बाळाची एकुलती आत्या, मिरजगावहून आली. कानात नाव सांगायला ती पाळण्यात वाकली, तोच ठकूबाई आडव्या.

"कुर्र न्हाई करायचं! कुंपन कच्चं हाय."

"मावशी, आत्याचा मान आहे तो!"

"मान घ्या की, पन लांबून."

जयमालाचे डोळे भरले. मी दत्तगुरूंचा धावा केला, सुनेने डॉक्टरबाईंना फोन लावला.

"अहो, कुंपण रक्ताच्या बाजूला आहे. आवाजाला वाट मोकळीच. हळू म्हणा म्हणजे झालं."

ठकूबाई सरकल्या. जयमालाने 'श्रीपाद' सांगून हळूच कुर्र केलं. श्रीपादने जांभई दिली.

"झाला मान?" ठकूबाईंनी हात पुढे केला. "आता पर्समधली सर्दीच्या औषधाची बाटली काढा. बाळाला शिंक आली तवा तुमी उघडत हुता."

जयमालाने बाटली काढून दिली.