फळ्यावरचं माधवचं गणित

"अंगात नुसती कणकण आहे गं," असं म्हणून माधव अंथरुणावर पडला तो उठलाच नाही. विषमज्वरानं माझा धाकटा भाऊ गेला, त्याला चार महिने होत आले. भेटायला येणारे म्हणतात, ताई, सावरा आता. सावरते हो! पण मला राग आलाय, त्याचं काय करू?

वडिलांच्या रेल्वेतल्या बदलीनं आम्हाला कलकत्त्याला आणलं आणि आम्ही इथलेच झालो. मी बालीगंजच्या शाळेत शिकवायला लागले आणि माधव तारे कसे जन्मतात याची गणितं मांडायला. त्याची एक पद्धत होती. नवं काही सुचलं की आधी मला मराठीत समजवायचं, मगच पुढे जायचं. मी पोळ्या लाटत असायची. "ताई, आकाशात वायूचे प्रचंड ढग असतात. स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणानं ते आत दबतात आणि तारा होतो. पण ढगातलं चुंबकीय क्षेत्र त्यांना दबू देत नाही. गोधडी गुंडाळताना आत उघडी छत्री राहिली तर होईल ना, तसं."

"अरे, गोधड्यांचा ढीग असला तर छत्रीच मोडेल की!"

तो उडालाच. "हेच! ढग पुरेसा जड असला की गुरुत्वाकर्षण जिंकतं. मोठाले तारे असेच होत असणार!"

मग हे छापत का नव्हता? तर सर! त्याचे बंगाली गुरू. चुंबकीय क्षेत्र इतकं दुबळं की ते हिशेबात धरायलाच नको, असं त्यांनी भर व्याख्यानात सांगितलं होतं. आणि आमच्या घरची शिकवण… गुरूपुढे उलट शब्द काढायचा नाही. दर वर्षी दुर्गापूजा संपली की माधव मिठाई घेऊन त्यांच्या पाया पडायला जायचा, आज सांगतोच म्हणून निघायचा आणि तसाच परत यायचा.

"सांगितलंस?"

"पुढच्या वेळी… आज त्यांची तब्येत बरी नव्हती."

"अरे, तू काय त्यांची मुलगी मागायला जातोस?" मी चिडायची. तो नुसता हसायचा. पुढची वेळ आलीच नाही.

तेरावं झाल्यावर सर भेटायला आले. माधवच्या खोलीतल्या फळ्यापुढे काठी टेकून उभे राहिले. सगळं वाचलं, पुन्हा वाचलं. मग इंग्रजीत म्हणाले, "हे बरोबर आहे. माझ्याशी भांडला का नाही तो?"

"भांडायला शिकवलं होतंत तुम्ही?" माझ्या तोंडून निघून गेलं. ते मटकन खाली बसले आणि रडायला लागले. मग मलाही आवरेना.

फळ्यावर शेवटी बरोबरचं चिन्ह आहे, त्यापुढे काही नाही. ढग नेमका किती जड हवा, तो आकडा तिथे यायचा होता. सरांनी मला विचारलं. मी काय सांगणार? सगळं आधी मला सांगणारा माझा भाऊ तेवढंच राखून बसला होता. "हे मात्र आधी सरांना," म्हणायचा.

आता सर दर रविवारी येतात आणि फळ्यासमोर बसतात. मी चहा ठेवते. आकडा त्यांनी केव्हाच काढलाय. परवा मी म्हटलं, मग लिहा की तिथे.

"नको," म्हणाले. "तो मला सांगणार होता ना…"