दादांची चुकलेली ट्रायल

"काका, बाबाले जालन्याले नेऊन राह्यलो, तुमी निघा," एवढंच पुतण्या फोनवर बोलला. दुसरबीडच्या फाट्यावर मी एसटीची वाट पाहत उभा होतो, तेवढ्यात त्याचा दुसरा फोन आला… मग घाई कशाचीच उरली नाही.

माझे थोरले भाऊ गुलाबराव, म्हणजे आमचे दादा, देऊळगाव राजातले जुने टेलर. महाराष्ट्र झाला त्या वर्षी त्यांनी मशीन घेतलं, आणि तेव्हापासून कोट शिवावा तर त्यांनीच. स्वभाव मात्र कडक. कच्च्या शिलाईवर कोट अंगात घालून पाहिल्याशिवाय ते पक्का टाका घालायचे नाहीत. ट्रायल चुकवली म्हणून नवरदेवाचा कोट अडवून ठेवणारा हा माणूस! मी शाळामास्तर, पण त्यांच्या दुकानात मलाही ओरडा बसायचा.

पाच वर्षांपूर्वी त्यांच्या पोटातली मुख्य धमनी फुगल्याचं निघालं. औरंगाबादच्या डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. पोट उघडून तिथे कापडाची नळी शिवायची, नाहीतर जांघेतून स्टेंट आत सरकवायचा. तोही कापडाचाच, फक्त तारेच्या जाळीवर बसवलेला. दादांना जुना दमा, पोट उघडणं झेपेल याची खात्री नव्हती. पण स्टेंटला टाके नसतात हे ऐकताच त्यांच्यातला टेलर जागा झाला.

"मंग ते कापड राह्यते कशाच्या भरोशावर?"

"तारेच्या दाबावर," डॉक्टर म्हणाले. "तो सरकू शकतो, कडेनं रक्त झिरपू शकतं, आणि तुम्हाला कळणारही नाही. म्हणून दरवर्षी तपासायला यायचं. जन्मभर."

"म्हंजे मी कच्च्या शिलाईवर. चालते! ट्रायल चुकवाची नाही, बस."

चार वर्षं त्यांनी ती चुकवली नाही. पाचव्या वर्षी न्यायला गेलो, तर दुकानात लग्नाचे सात कोट टांगलेले. "गिऱ्हाईकाचं लगन थांबते काय बे? अन् पोट कुठं दुखून राह्यलं?" मी चहा पिऊन परत आलो. हट्ट धरायला हवा होता, धरला नाही. लग्नसराई संपायच्या आतच स्टेंट सरकला आणि ती फुगलेली धमनी फुटली. ते मला छळतं आणि छळणारच. पण स्टेंटनेच घात केला असं कुणी म्हटलं, की मी त्याला तिथेच थांबवतो. त्या स्टेंटने दादांना चार लग्नसराया दिल्या. चूक आम्हा दोघा भावांची. पोट दुखत नाही म्हणून आम्ही निर्धास्त राहिलो.

तेराव्यानंतर दुकान आवरताना मापांची वही हाती आली. माझ्या नावाच्या पानावर छाती, कंबर, बाही… आणि खाली दादांच्या अक्षरात, "पोटाचा फोटो बाकी. डॉक्टर म्हणे सख्ख्या भावालेही असू शकते. सीझन झाला का संग न्यायचं." मला त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं.

गेल्या सोमवारी एकटाच जाऊन आलो. माझीही धमनी थोडी फुगली आहे. अजून काही करायची गरज नाही, नजर ठेवायची. पुढची तारीख मी त्याच पानावर लिहून ठेवली. ती नेमकी लग्नसराईत येते. मी जाणार आहे.