नकाशात न आलेली पांधण

पटवारी असताना सौसरकडच्या एका गावाची मोजणी मी केली. तेव्हा जरीब, म्हणजे मोजायची साखळी, बौद्ध वस्तीत गेलीच नाही. दुपारचं जेवण संत्र्याच्या बागवाल्याकडे असायचं. वस्तीत जाऊन आलेल्याला तिथे आंघोळ केल्याशिवाय पानावर बसू देत नसत. थंडीत मला दुसरी आंघोळ नको होती. कारण इतकंच. बागेच्या कडेला उभा राहून मी वस्तीचा एक चौकोन काढला. वस्तीतून नदीवरच्या स्मशानात जाणारी पांधण, बैलगाडीची जुनी वाट, काढलीच नाही.

पुढे बागवाल्याने त्या वाटेवर तार ओढली. वस्तीवाले तहसीलीत आले, तेव्हा साहेबांनी विचारलं, "नकाशात कुठे आहे?" मी तिथेच खुर्चीवर होतो. नकाशा मीच उघडून दाखवला.

आता तोच नकाशा संगणकावर चढला आहे. रंगीत झाला, माझा चौकोन तसाच.

यंदा त्या वस्तीतली एक शिक्षिका पांढुर्ण्याला माझ्या घरी आली. म्हाताऱ्या माणसांना विचारून ती मोबाइलच्या नकाशावर जुन्या जागांच्या खुणा करते आणि प्रत्येक खुणेला त्यांचं बोलणं जोडते. तिने एक खूण दाबली. बाईचा आवाज आला, "माह्या बुढ्याले सडकेनं फिरवून नेलं. चिखलात खांदेकरी दोनदा पडले."

शिक्षिकेने विचारलं, "काकाजी, पांधण होती म्हणून तुमी सांगसान का? आमचं कोणी ऐकून नाही राहिलं."

मी तिच्यासोबत गेलो. तारेजवळ उभा राहून मोबाइलमध्ये सगळं सांगितलं, आंघोळीचंसुद्धा. बागवाल्याचा मुलगा धावत आला.

"काकाजी, आमच्या घरचं जेवले ना तुमी?"

"जेवलो. त्यापायीच तर ही वाट नकाशात काढली नाही."

मग वस्तीत गेलो, आयुष्यात पहिल्यांदा. मोबाइलमधला आवाज जिचा होता ती म्हातारी ओट्यावर बसली होती. तिने चहा पुढे केला.

"घ्या पटवारी साहेब. मंग घरी जाऊन आंग धुवा."

मी चहा प्यालो.

दुसऱ्या दिवशी शिक्षिकेला घेऊन तहसीलीत लेखी जबाब द्यायला गेलो. बाबूने तो वाचला, संगणकावर नकाशा उघडला आणि पडदा माझ्याकडे फिरवला.

"रास्ता तो इसमें है ही नहीं, पटवारी जी. और नीचे दस्तखत आपके ही हैं."

शिक्षिका माझ्या खुर्चीमागे उभी होती.